चित्रकार आणि आश्रयदाता

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेत धर्मगुरूंनी केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या सभेत उपकारकर्त्यांची नावे घ्यावीत व त्यांचे आभार मानावेत, असा परिपाठ आहे. आपल्या समितीच्या चिटणीसांनी ते काम उत्तम रीतीने पार पाडले आहे. तेव्हा आता मी त्याच उपकाराविषयी थोडे वेगळ्या अंगाने बोलावे, असे योजिले आहे. उपकार मागावा कसा, करावा कसा आणि झालेला उपकार फेडावा कसा, हे तीन प्रश्न आज आपल्यापुढे आहेत. पन्नास वर्षांचा हिशेब मांडताना ते टाळून चालणार नाही. कोरड्या उपदेशापेक्षा एखाद्याच्या चरित्रातून अशी गोष्ट लवकर उमगते. म्हणून मी आज आपणांस एका चित्रकाराची व त्याच्या आश्रयदात्याची हकीकत सांगणार आहे. चित्रकार राजा रविवर्मा, आणि आश्रयदाते बडोद्याचे श्रीमंत सयाजीराव गायकवाड.

ख्रिस्तमंदिराच्या महोत्सवात हा केरळीय चित्रकार व हा बडोद्याचा राजा कोठून आला, असे कोणी मनात म्हणेल. त्यास माझे उत्तर आपल्या नित्याच्या भाषेतच आहे. ‘आश्रयदाता’ हा शब्द आपण दोन ठिकाणी वापरतो. ज्या संताच्या नावाने आपले मंदिर उभे आहे, त्यास आपण धर्मग्रामाचा आश्रयदाता म्हणतो. आणि ज्या सद्गृहस्थाने मंदिराच्या छपरास पैसे दिले, त्यासही आपण आश्रयदाताच म्हणतो. एकच शब्द स्वर्गातील व पृथ्वीवरील अशा दोघांस लागू पडतो, तेव्हा पृथ्वीवरील आश्रयदात्याने स्वर्गातील आश्रयदात्याची रीत शिकावी, हे ओघानेच आले. शिवाय चित्रकारांचे आश्रयदाते म्हणून पवित्र सभा संत लूक यांस मानते, आणि त्यांनी धन्य कुमारी मरियेची प्रतिमा रंगविली, अशी प्राचीन परंपरा आहे. चित्रकाराची कथा आपणांस परकी नाही.

रविवर्मा यांचा जन्म १८४८ साली त्रावणकोर संस्थानातील किळिमानूर येथे झाला. वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांच्या मामांनी त्यांस त्रिवेंद्रमला नेऊन आयिल्यम तिरुनाळ महाराजांच्या पायी घातले. महाराज गुणग्राही होते. त्यांनी मुलास दरबारी राहण्याची व चित्रकला शिकण्याची मोकळीक दिली. परंतु राजाने दार उघडले म्हणजे सर्व दारे उघडतात, असे नाही. तैलरंगांची विद्या त्या काळी आपल्या देशात नवी होती. दरबारातील ज्या चित्रकारास ती अवगत होती, त्याने ती या मुलास शिकविण्याचे नाकारले. पुढे १८६८ साली थिओडोर जेन्सन नावाचा एक युरोपीय व्यक्तिचित्रकार तेथे आला. त्यानेही शिकविले नाही. आपण काम करीत असता जवळ उभे राहून पाहण्यापुरती परवानगी मात्र दिली. रविवर्मा यांनी पाहिले, पाहून शिकले, आणि थोड्याच वर्षांत माणसाचा चेहरा, त्याची कांती, त्याच्या अंगावरील रेशमाची झळक ही सारी कापडावर हुबेहूब उतरविणारा म्हणून त्यांचा लौकिक झाला.

१८८० साली त्यांचे आश्रयदाते महाराज परलोकवासी झाले. गादीवर आलेल्या नव्या महाराजांची त्यांच्यावर पूर्वीसारखी मर्जी नव्हती. माणूस तोच, हात तोच, कुंचला तोच; परंतु एका माणसाच्या मृत्यूने त्याचे स्थान डळमळले. राजाश्रयाची ही दुसरी बाजू आपण नीट ध्यानात ठेविली पाहिजे. जो एका आश्रयाच्या खांबास टेकून उभा असतो, तो खांब पडताच त्यास स्वतःच्या पायांची परीक्षा द्यावी लागते.

या वेळी त्यांच्या मदतीस एक तिसरा पुरुष आला. सर टी. माधवराव हे तंजावरकडील मराठी घराण्यातले, कुंभकोणम येथे जन्मलेले मुत्सद्दी. ते पूर्वी त्रावणकोरचे दिवाण होते, आणि १८७५ पासून बडोद्याचे दिवाण झाले होते. चित्रकाराचा हात त्यांस ठाऊक होता. राजाची गरजही ठाऊक होती. त्यांच्या शब्दावरून रविवर्मा आपले धाकटे बंधू राजराजवर्मा यांसह बडोद्यास आले. १८८१ च्या डिसेंबरात सयाजीराव महाराजांनी राज्याची सूत्रे पूर्णपणे हाती घेतली. त्या समारंभाच्या सुमारास रविवर्मा यांनी महाराजांचे व राजघराण्यातील मंडळींचे चेहरे रंगविले. वडोदऱ्याच्या महाराजा फत्तेसिंह संग्रहालयात रविवर्मा यांच्या चित्रांचा मोठा संग्रह आजही पाहावयास मिळतो.

बंधुभगिनींनो, येथे क्षणभर थांबून या मध्यस्थाकडे पाहू. माधवरावांनी स्वतःच्या खिशातून मोठे धन दिले नाही. चित्रही त्यांनी काढले नाही. त्यांनी एक शब्द टाकला. काना गावच्या लग्नात द्राक्षारस सरला तेव्हा आपल्या पवित्र मातेने याहून अधिक काय केले? तिने यजमानाची लाज ओळखली, पुत्राकडे वळून उणीव सांगितली, आणि ती बाजूस झाली. आपण कॅथॉलिक लोक संतांच्या मध्यस्थीवर विश्वास ठेवितो. परंतु शेजाऱ्याच्या मुलासाठी एक शब्द टाकावयाची वेळ आली की आपली जीभ जड होते. ज्याच्याजवळ द्यावयास पैसा नाही, त्याच्याजवळही असा शब्द असतो. तो न टाकणे ही कृपणता होय.

आता ज्यांनी दिले त्या राजाकडे पाहू. सयाजीराव जन्माने राजपुत्र नव्हते. आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यातील कौळाणे या खेड्यात १८६३ साली, गायकवाड कुळाच्या एका दूरच्या शाखेत, शेती करणाऱ्या घरी त्यांचा जन्म झाला. घरचे नाव गोपाळ. १८७५ साली महाराणी जमनाबाईंनी त्यांस दत्तक घेतले आणि बारा वर्षांचा हा मुलगा शिवारातून राजवाड्यात गेला. म्हणजे हा दाता स्वतः एके काळी घेणारा होता. त्याने काही पराक्रम केला म्हणून त्यास गादी मिळाली नव्हती. ती त्यास दिली गेली होती. मला वाटते, त्यांच्या औदार्याचे मूळ येथेच असावे. जे आपणांस फुकट मिळाले ते आपल्यापाशीच अडवून ठेवू नये, ही प्रभूने आपल्या प्रेषितांस दिलेली शिकवण या राजाने न वाचताही आचरिली असे म्हणावे लागते.

१८८८ साली महाराजांनी रविवर्मा यांस रामायण, महाभारत व पुराणे यांतील चौदा प्रसंगचित्रे काढण्यास सांगितले. लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी ती हवी होती. मोबदला पन्नास हजार रुपये ठरला. त्या काळी ही रक्कम केवढी, याचा विचार आपल्यातील वडीलधाऱ्यांनी करावा. चित्रातील माणसांस कोणता वेष द्यावा हे ठरविण्यासाठी दोघे बंधू उत्तर हिंदुस्थानात हिंडले, ठिकठिकाणची वस्त्रे व अलंकार पाहून आले, मग आपल्या गावी बसून त्यांनी चित्रे पुरी केली. राजवाड्याच्या भिंतींवर जाण्यापूर्वी ती लोकांच्या दर्शनासाठी मांडण्यात आली आणि पाहणारांची झुंबड उडाली.

या व्यवहारात महाराजांनी चार गोष्टी केल्या. विषय सांगितला, वेळ दिला, रक्कम आधी ठरविली, आणि कुंचला चित्रकाराच्या हाती राहू दिला. या चारांपैकी पहिल्या तीन गोष्टी पुष्कळ दाते करितात. चौथी करणारे थोडे. आपण पैसे दिले म्हणजे चित्रातील नाक किती लांब असावे हेही आपणच सांगावे, असे देणारास वाटू लागते. आणि घेणाराही, पुढची मागणी फुकट जाऊ नये म्हणून, ते नाक तसे काढून मोकळा होतो. येथे दोघांचाही नाश होतो. दाता खुशामतीचा भुकेला होतो आणि कलावंत भाट होतो.

व्यक्तिचित्र काढणारास हा मोह सर्वांहून अधिक. ज्याचा चेहरा तो रंगवितो, त्याच्याच हातून त्यास पैसे मिळावयाचे असतात. स्पेनचे चित्रकार वेलास्केस यांनी १६५० साली रोम येथे पोप दहावे इनोसंट यांचे व्यक्तिचित्र काढिले. ते चित्र आजही रोममध्ये आहे. त्यातील नजर कडक, सावध व संशयी आहे; मुद्रेत गोडवा नाही. चित्र फारच खरे उतरले आहे, असे पोपमहाशय म्हणाल्याची आख्यायिका आहे. आख्यायिका खरी असो वा नसो. पोपमहाशयांनी ते चित्र फाडून टाकिले नाही, उलट चित्रकाराचा सन्मान केला. सत्य ऐकून घेणारा आश्रयदाता मिळाला म्हणजे कलावंताचे अर्धे काम होते.

आणि दिलेला शब्द वेळेवर पाळणारा मिळाला म्हणजे उरलेले अर्धे. व्हेनिसचे थोर चित्रकार तिशियन यांस सम्राट पाचवे चार्ल्स यांनी सरदारकी दिली, मिलानच्या खजिन्यातून वर्षासन बांधून दिले. कागदावर सर्व यथास्थित होते. पैसा मात्र वर्षानुवर्षे हाती येईना. ज्या वृद्ध चित्रकाराची कीर्ती सर्व युरोपभर पसरली होती, त्याने आपल्याच थकलेल्या पैशांसाठी राजास पत्रांमागून पत्रे लिहिली. सम्राटाचे औदार्य खोटे नव्हते. ते वाटेत अडकले होते. आपल्या समित्यांच्या कारभाऱ्यांनी ही गोष्ट विसरू नये. मंजूर केलेली मदत जो हेलपाटे घालावयास लावून देतो, तो मदतीबरोबर अपमानही देतो.

रविवर्मा यांच्या हकीकतीचा उत्तरार्ध आता सांगतो. आपल्या चित्रांचे रंगीत छाप काढून ती घरोघर पोहोचवावीत, असे माधवरावांनीच त्यांस सुचविले होते. त्याप्रमाणे १८९४ साली मुंबईत त्यांचा छापखाना सुरू झाला. पुढे तो लोणावळ्यानजीक मळवली येथे गेला. महालातील चित्रे शेतकऱ्याच्या ओसरीवर आली. ज्यांस देवळाच्या पायरीवरही चढू दिले जात नव्हते, त्यांच्या कुडाच्या भिंतीवरही ती लागली. व्यवहारात मात्र त्यांस यश आले नाही. कर्ज झाले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी छापखाना एका जर्मन गृहस्थास विकावा लागला. १९०६ साली रविवर्मा वारले. हिशेबाच्या वहीत ही गोष्ट तोट्याची दिसेल. परंतु राजाने एका माणसास दिले आणि त्या माणसाने ते सहस्रावधी घरांत वाटले, या दृष्टीने पाहिले तर उपकार फेडण्याची याहून चांगली रीत मला ठाऊक नाही. उपकार आल्या वाटेने परत करावयाचा नसतो. तो पुढच्या माणसाकडे पोहोचवावयाचा असतो.

सर्वच चित्रकारांस मागता येते असे नाही, आणि सर्वांनीच मागावे असेही नाही. कोल्हापूरचे आबालाल रहिमान यांचे उदाहरण घ्या. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत शिकून, तेथे नाव मिळवून, हे गृहस्थ कोल्हापुरास परतले आणि कोटितीर्थाच्या काठी फकिरासारखे राहिले. हातास येईल त्या कागदावर चित्रे काढावीत, विकण्याची खटपट करू नये, असा त्यांचा स्वभाव होता. शाहू छत्रपतींनी त्यांस शोधून काढिले, दरबारचे चित्रकार नेमिले आणि त्यांच्या विक्षिप्तपणासह सांभाळिले. येथे मागणारा दारी आला नाही. दाताच मागणाराच्या दारी गेला. १९२२ साली शाहू महाराज निवर्तले, तेव्हा शोकाच्या भरात आबालाल यांनी आपली असंख्य चित्रे कोटितीर्थाच्या पाण्यात टाकून दिली, असे सांगतात. १९३१ साली ते वारले. संकोची माणसाची गरज ओळखणे हे दात्याचे सर्वांत कठीण कर्तव्य होय. आपल्या धर्मग्रामातही असे लोक आहेत. ते कार्यालयाच्या दाराशी कधी येत नाहीत. त्यांचे घर आपणांस शोधावे लागते.

आता आपल्या धर्मबांधवांपैकी एकाची हकीकत. आंजेलो द फोन्सेका यांचा जन्म १९०२ साली गोव्यातील सांतो एस्तेव्ह येथे, सधन कॅथॉलिक घराण्यात झाला. मुंबईच्या कलाशाळेतील पाश्चात्त्य वळणाचे शिक्षण सोडून ते शांतिनिकेतनास गेले आणि अवनींद्रनाथ ठाकूर व नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकले. परत आल्यावर त्यांनी प्रभू येशू व पवित्र माता यांची चित्रे हिंदी चेहऱ्यांची, हिंदी वेषातील अशी काढिली. मरिया लुगड्यात, कपाळ आपल्या बायाबापड्यांसारखे, बसणे आपल्या ओसरीवरच्यासारखे. गोव्यातील पुष्कळ लोकांस ते रुचले नाही, टीका झाली, आणि या भाविक कॅथॉलिक चित्रकारास आपली जन्मभूमी सोडावी लागली.

त्यांस आसरा कोठे मिळाला? पुण्यास, ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात. या संघाचे मूळ आपल्याच जिल्ह्यात आहे. ज्यास आपण पिढ्यान्‌पिढ्या नगर जिल्हा म्हणत आलो आणि ज्याचे नाव आज अहिल्यानगर आहे, त्या जिल्ह्यात अँग्लिकन पंथाचे मिशनरी जॅक विन्स्लो काम करीत होते. त्यांनी १९२२ साली ख्रिस्त सेवा संघ स्थापिला, आणि पुढे तो पुण्यास गेला. आपल्याहून वेगळ्या पंथाच्या लोकांनी एका कॅथॉलिक चित्रकारास खोली दिली, भिंत दिली, आणि त्याच्या श्रद्धेस हात लाविला नाही. आपल्याकडून मुंबईच्या सेंट झेव्हियर महाविद्यालयातील येशूसंघीय इतिहाससंशोधक फादर हेरास यांनी त्यांस उत्तेजन दिले व त्यांची चित्रे संग्रही ठेविली. १९६७ साली फोन्सेका वारले. जी मरिया काहींस एके काळी परकी वाटली, ती आज गोव्यात पर्वरी येथील झेव्हियर सेंटरमध्ये मानाने जतन केलेली आहे. लोकांनी एखाद्यास नाकारिले म्हणून देवाने त्यास नाकारिले, असे समजण्याची घाई आपण करू नये, हा यातील धडा.

येथपर्यंत आपण चित्रकारांविषयी बोललो. परंतु सयाजीरावांचेच आणखी एक दान सांगितल्यावाचून हा विषय पुरा होत नाही, कारण ते आपल्या काळजाजवळचे आहे. मुंबईतील एका हुशार विद्यार्थ्यास कृष्णराव अर्जुन केळुसकर या सज्जनांनी महाराजांपाशी नेले. पुन्हा पाहा, एक मध्यस्थ व एक शब्द. महाराजांनी त्या विद्यार्थ्यास शिष्यवृत्ती दिली आणि १९१३ साली बडोदा सरकारच्या शिष्यवृत्तीवर तो अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात गेला. तो विद्यार्थी म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर. अट अशी होती की परतल्यावर संस्थानची नोकरी करावी. १९१७ साली ते अट पाळण्यासाठी बडोद्यास आले. राजाने शिष्यवृत्ती दिली होती. परंतु नगराने त्यांस राहावयास खोली दिली नाही. जात कळताच विश्रामगृहातून त्यांस बाहेर काढण्यात आले, कचेरीत अपमान झाला, आणि ते बडोदा सोडून गेले. एकट्या आश्रयदात्याचे औदार्य कोठवर पुरते, याची ही सीमा होय. वरचा हात उदार असून भागत नाही. शेजारची दारे उघडी असावी लागतात. म्हणूनच धर्मग्राम ही एका धर्मगुरूची किंवा एका धनिकाची गोष्ट नव्हे.

हे सर्व मी आपणांस का सांगतो? कारण आपण स्वतः घेणारांची लेकरे आहोत. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळाच्या अखेरीस, १८७८ साली, येशूसंघीय धर्मगुरूंनी राहुरीकडील केंदळ येथून या भागात कॅथॉलिक कार्यास आरंभ केला. आपल्या पूर्वजांपैकी अनेकांस गावाने वेशीबाहेर ठेविले होते. त्यांस कोणी अन्न दिले, कोणी अक्षर दिले, कोणी नुसते नावाने हाक मारिली. तेव्हापासून एक टोमणा आपल्या पाठीस लागला आहे: हे लोक पोटासाठी ख्रिस्ती झाले. आपल्यापैकी कित्येकांनी तो शाळेत ऐकला आहे, बाजारात ऐकला आहे, आणि मान खाली घातली आहे.

आज या व्यासपीठावरून मी सांगतो की मान खाली घालण्याचे काही कारण नाही. भुकेल्या माणसाने भाकरी घेतली यात लाज कसली? रविवर्मा यांनी राजाकडून घेतले, आंबेडकरांनी राजाकडून घेतले, स्वतः राजाने दत्तक होऊन घेतले. आपण सर्व देवाकडून घेतो आणि रोजच्या प्रार्थनेत रोजची भाकरी मागतो. शिवाय आपले पूर्वज केवळ घेऊन थांबले नाहीत. पहिल्या महायुद्धात मुंबई इलाख्यातील जर्मन धर्मगुरूंस इंग्रज सरकारने नजरकैदेत ठेविले व पुढे देशाबाहेर पाठविले. एका हुकुमाने आश्रयदाते नाहीसे झाले; त्रावणकोरचा राजा वारल्यावर रविवर्मा यांची जी स्थिती झाली, तीच आपल्या मंडळ्यांची झाली. जर आपले लोक पोटासाठीच आले असते, तर त्या वर्षी देवळे ओस पडावयास हवी होती. ती पडली नाहीत. खेड्याखेड्यांतील मास्तरांनी मुलांस धर्मोपदेश शिकविला, आजारी माणसाच्या उशाशी बसून प्रार्थना म्हटली, आणि पुढचा धर्मगुरू येईपर्यंत दिवा तेवत ठेविला. टोमणा मारणारांस आपले उत्तर हेच. परंतु ते उत्तर पूर्वजांनी दिले. आपले अजून बाकी आहे.

लेवीय ग्रंथात पन्नासावे वर्ष योबेल वर्ष म्हणून सांगितले आहे. त्या वर्षी शिंग फुंकावे, गहाण पडलेली जमीन मूळ कुळास परत द्यावी, दास झालेल्या भावास मोकळे करावे, अशी आज्ञा आहे. सुवर्णमहोत्सव म्हणजे केवळ मांडव व मिरवणूक नव्हे. ज्याचे जे अडले आहे ते सोडविण्याचे हे वर्ष. पन्नास वर्षे घेतल्यावर आपण देऊ लागलो, तर आपण योबेल पाळले. पन्नास वर्षांनंतरही आपण परदेशच्या पत्राची वाट पाहत बसलो, तर मात्र टोमणा मारणारास आपणच साक्षीदार पुरविला, असे होईल.

म्हणून एक प्रत्यक्ष गोष्ट आपल्यापुढे ठेवितो. आपल्या धर्मग्रामात एक तरुण आहे. दुकानांच्या पाट्या रंगवून तो घर चालवितो. कोणाच्या घरी माणूस गेले म्हणजे जुन्या, पुसट फोटोवरून तो त्याची तसबीर काढून देतो. आणि आपल्यापैकी कित्येक घरांत ज्या तसबिरीपुढे संध्याकाळी मेणबत्ती लागते, ती त्याच्या हातची आहे. त्यास कलाशाळेत रीतसर शिकावयाचे आहे. माझ्याकडे तो आला तो रिकाम्या हातांनी आला नाही. आपली चित्रे घेऊन आला, आणि कोणा दात्यास माझे चिठ्ठीपत्र मिळावे एवढीच त्याची मागणी होती. त्याचे नाव मी येथे घेणार नाही. देणाराचे नाव दगडावर कोरावयाचे आणि मागणाराचे नाव सभेत पुकारावयाचे, ही रीत मला ख्रिस्ती वाटत नाही.

त्यास कोणी दूरचा राजा शोधून देण्यापेक्षा आपणच त्याचे आश्रयदाते व्हावे, अशी माझी विनंती आहे. महोत्सवाच्या जमाखर्चातून जी शिल्लक राहील ती प्रथम यासाठी बाजूस काढावी. आणि ती पुरणार नाही, तेथे प्रत्येक घराने सुगीनंतर आपल्या ऐपतीप्रमाणे भर घालावी. एकाने मोठी रक्कम देण्यापेक्षा सर्वांनी थोडे द्यावे, असे मी मुद्दाम म्हणतो. कारण एकाचा खांब पडला की काय होते, हे आपण ऐकलेच आहे. रक्कम आधी ठरावी. ती शाळेच्या मुदतीच्या दिवशी, न मागता, त्याच्या हाती पोहोचावी. त्याने कोणाच्या दारी आभाराचे हेलपाटे घालू नयेत. आणि त्याने काय रंगवावे हे आपण त्यास सांगू नये. उद्या त्याने धन्य कुमारीस आपल्या ऊसतोडणीच्या फडातील बाईचा चेहरा दिला, तर गोव्यात जे झाले ते येथे होऊ नये, एवढे आपण सांभाळावे.

त्याच्याकडूनही दोन गोष्टींची अपेक्षा ठेवू. चेहरा काढताना त्याने खोटे काढू नये, मग तो चेहरा आपल्या धर्मगुरूचा का असेना. आणि शिकून कमावता झाल्यावर त्याने आपले पैसे आपणांस परत न करिता दुसऱ्या एका मुलास किंवा मुलीस हात द्यावा. ती मुलगी परिचारिका होऊ इच्छीत असेल, तो मुलगा यंत्राचे काम शिकू इच्छीत असेल; कला हीच असावी असा आग्रह नाही. एवढे झाले तर आजची रक्कम पुढच्या पन्नास वर्षांत किती घरांतून फिरेल, याचा हिशेब आपल्या चिटणीसांस जमणार नाही; तो देवदूतांनी ठेवावा.

शेवटी एक विचार सांगून मी आपली रजा घेतो. देवाने मनुष्यास आपल्या प्रतिरूपाचा निर्माण केला, असे आपण बालपणी शिकलो. म्हणजे आपणांपैकी प्रत्येक जण त्या महान चित्रकाराच्या हातची तसबीर आहे. पापाची धूळ तिच्यावर बसते, दारिद्र्याने तिचे रंग पुसट होतात, तिरस्काराने कोणी तिचे तोंड भिंतीकडे फिरवून ठेवितो. परंतु तसबीर तीच असते. जो मागणाराच्या चेहऱ्यात ती ओळखतो, तोच खरा आश्रयदाता. आपल्या धर्मग्रामाने पुढील पन्नास वर्षे ती ओळखावी, आपल्या आश्रयदात्या संतांच्या मध्यस्थीने आपणांस तशी दृष्टी लाभावी, आणि सर्वसमर्थ पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांचा आशीर्वाद आपणां सर्वांवर व आपल्या लेकराबाळांवर सदैव राहावा, हीच माझी प्रार्थना. आमेन.